प्रकल्प नोंदी: मेगा मॅन ५, म्हणजे येरे माझ्या मागल्या

५ जानेवारी

काय करायचंय ते आधी लिहून ठेवते म्हणजे पुढे भरकटायला नको. मेगा मॅन या व्हिडिओ गेमचे पहिले सहा भाग, १९८७ ते १९९३, सगळे निन्टेंडोच्या फॅमिकॉम या जुन्या गेम मशीनवर आलेले, ओळीने खेळायचे आणि एक शीट भरायची. एका स्टेजला एक ओळ. रकाने चारच ठेवलेत: स्टेजमधे नवीन काय, ते आधी कुठे येऊन गेलंय का, बॉस (स्टेजच्या शेवटचा मोठा शत्रू) कुठल्या हत्याराला घाबरतो, आणि शेरा.

सहा गेम असले तरी डोळा सगळा पाचव्यावर आहे. सिरीज तिथे थकली असं सगळेच म्हणतात, मलाही तसंच आठवतंय, पण थकली म्हणजे नक्की काय झालं ते कोणी धड सांगत नाही, "तेच तेच आहे" म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. अरे पण तेच तेच तर दुसऱ्या भागातही होतं की! तरी तो सगळ्यांचा लाडका. मग पाचव्यावरच एवढा राग का, हे शोधायचंय.

खेळायला २०१५ चं लेगसी कलेक्शन घेतलंय, त्यात सहाही एका जागी आहेत. नियम एकच, स्टेजच्या मधे सेव्ह करायचं नाही.

९ जानेवारी

पहिला झाला. सहा बॉस, पासवर्ड नाही, वर स्कोअर दिसतो जो पुढे कायमचा गेला (आणि बरं झालं गेला). पण मूळ कल्पना इथेच पूर्ण उभी आहे: बॉस मारा, त्याचं हत्यार तुम्हाला मिळतं, ते हत्यार दुसऱ्या कुठल्यातरी बॉसला जबरी लागतं, कुठल्या ते तुम्ही शोधा. गट्स मॅनकडून मिळालेला सुपर आर्म तर नुसता बॉससाठी नाहीच, वाटेतले मोठे दगड उचलून फेकायलाही तोच. म्हणजे हत्यार म्हणजे किल्लीसुद्धा.

१४ जानेवारी

दुसरा. १९८८. काय गेम आहे राव. आठ बॉस, ई टँक (जीव परत भरणारे डबे) आले, पासवर्ड आला. आणि शीटमधे एक गोष्ट लगेच दिसली, हत्यारांचं जाळं आहे, सरळ रांग नाही. मेटल ब्लेड बबल मॅनलाही लागतो, फ्लॅश मॅनलाही लागतो, वर आठ दिशांना मारता येतो. मुख्य दुष्ट शास्त्रज्ञ डॉ. वायलीच्या किल्ल्यात मेटल मॅन परत भेटतो तेव्हा त्याला त्याचंच हत्यार दाखवलं की तो तिथेच आडवा. हे कोणी सांगत नाही, आपणच गंमत म्हणून करून बघतो आणि खुर्चीतून उडतो.

क्विक मॅनच्या स्टेजमधले ते लेझर, एक लागला की खेळ खल्लास. तिथे टाइम स्टॉपर वापरून सगळं गोठवता येतं पण मग क्विक मॅनसाठी तो उरत नाही, कारण तो त्यालाही लागतो. बघा म्हणजे, एकच हत्यार, दोन गिऱ्हाईकं, ठरवायचं आपण.

आणि किल्ल्यातली ती भिंतींतल्या तोफांची खोली, जिला फक्त क्रॅश बॉम्ब लागतो, मीटर पूर्ण भरला तरी सातच बॉम्ब, त्यातले काही भिंती फोडण्यातच जातात. संपले तर मरा आणि परत भरून या. मला ही खोली अजिबात आवडत नाही. पण शेरा लिहिताना जाणवलं की ती लक्षात आहे, पूर्ण आराखडाच पाठ आहे माझा.

१९ जानेवारी

तिसरा, १९९०. स्लाइड (जमिनीवरून घसरत जाणं) आली, रश नावाचा कुत्रा आला, शिट्टी वाजवत येणारा प्रोटो मॅन आला. आठ बॉस झाल्यावर चार जुन्याच स्टेज बदलून परत खेळायला लावतात आणि तिथे डॉक रोबोट दुसऱ्या भागातल्या आठही बॉसची सोंगं घेऊन येतो. हेही रिपीटच आहे खरं तर! पण स्टेज मोडकळीला आलेली, खड्डे वाढलेले, वाईट अवघड. म्हणूनच कोणी इथे "तेच तेच" म्हणत नाही.

२४ जानेवारी

चौथा, डिसेंबर १९९१. मोठा बदल एकच: बटण दाबून धरलं की गोळी चार्ज होते आणि सोडली की मोठा गोळा सुटतो. पहिल्या दिवशी भारी वाटतं. नवीन दुष्ट माणूस डॉ. कॉसॅक, चार स्टेजचा त्याचा किल्ला, आणि शेवटी प्रोटो मॅन कॉसॅकच्या मुलीला, कालिंकाला, घेऊन मधेच उगवतो आणि कळतं की मागे वायलीच होता. मग वायलीचा किल्ला, अजून चार स्टेज. पहिल्यांदा हे खरंच चकवून जातं, दोन किल्ले कोणी अपेक्षिलेच नव्हते.

हिशोब लिहून ठेवते, पुढे लागेल: ८ + ४ + ४ = १६ स्टेज.

२६ जानेवारी

पाचवा सुरू. डिसेंबर १९९२ चा. म्हणजे चौथ्यानंतर बरोबर एक वर्षाने, आणि जपानमधे पुढचं मशीन, सुपर फॅमिकॉम, येऊन दोन वर्षं उलटून गेलेली असताना हा अजून जुन्याच मशीनवर.

सुरुवातीची गोष्ट: प्रोटो मॅन रोबोटांची फौज घेऊन धुमाकूळ घालतो आणि मेगा मॅन बनवणाऱ्या डॉ. लाइटना पळवून नेतो, मागे फक्त त्याचा पिवळा स्कार्फ सापडतो. बरं. ज्याने आत्तापर्यंत दोनदा आपल्याला मदत केली तो अचानक व्हिलन. माझा एकच प्रश्न, वायली कितव्या स्टेजला निघणार?

आज ग्रॅव्हिटी मॅनची स्टेज झाली आणि ती सुंदर आहे, हे आधीच लिहून ठेवते नाहीतर पुढच्या रागात राहून जाईल. ठरावीक जागा ओलांडली की गुरुत्वाकर्षण उलटतं आणि मेगा मॅन छतावरून चालायला लागतो. हातातलं बटण तेच, उडी तीच, पण ती आता खाली जाते, मेंदूला दोन सेकंद लागतात. बॉसही तसाच, तो जमिनीवर असला की तुम्ही छतावर, तुम्ही खाली आलात की तो वर, मधे एकमेकांना ओलांडताना गोळी बसली तर बसली. अशी मारामारी सिरीजमधे आधी नाहीच. "आधी कुठे येऊन गेलंय" रकाना रिकामा. शाब्बास.

२८ जानेवारी

वेव्ह मॅन: अर्धी स्टेज पाण्यावरच्या बाइकवर. डॉल्फिन येतात, मोठा ऑक्टोपस येतो, आपण नुसतं धडाधड मारत जायचं. मजा आली.
स्टार मॅन: अंतराळ, उडी लांबच लांब जाते. छान दिसतं पण हात सांगतात की ही पाण्यातली उडी आहे, रंग बदललाय फक्त.
चार्ज मॅन: आगगाडी. गाणं फार गोड.
नेपाम मॅन: जंगल. शेरा रिकामा सोडला, काही सुचलंच नाही.

३० जानेवारी

उरलेले चार बॉस... नाही, तीन. स्टोन, जायरो, क्रिस्टल. क्रिस्टल मॅनच्या स्टेजमधे वरून स्फटिक कधीही पडतात, अंदाज बांधायला वाव नाही, नशिबावर हवाला. क्रिस्टल मॅनचं डिझाइन मात्र एका शाळकरी वयाच्या पोराने पाठवलेलं, यूसुके मुराता, जो नंतर मोठा मांगा (जपानी कॉमिक्स) चित्रकार झाला. कॅपकॉम (हे गेम बनवणारी कंपनी) तेव्हा खेळणाऱ्यांकडून बॉसची चित्रं मागवायचं आणि त्यातून निवडायचं. चौथ्यातला डस्ट मॅनही याच पोराचा. मला ही गोष्ट फार आवडते, आणि थोडं त्रासदायकही वाटतं, बाहेरून एवढी डोकी चित्रं पाठवत होती आणि आत त्या चित्रांना ठेवायला साचा तोच.

आठही झाले. शीटमधे बॉसचा रकाना भरला आणि मग बाण काढले, कोणाचं हत्यार कोणाला लागतं त्याचे:

ग्रॅव्हिटी → जायरो → क्रिस्टल → नेपाम → स्टोन → चार्ज → वेव्ह → स्टार → परत ग्रॅव्हिटी.

एक गोल. कुठेही फाटा नाही. कुठूनही सुरू करा, एकदा गोलात शिरलात की पुढचा कोण ते ठरलेलं. मग चौथ्याचे बाण काढून बघितले: टोड, ब्राइट, फॅरो, रिंग, डस्ट, स्कल, डाइव्ह, ड्रिल, परत टोड. तोही तस्साच एक गोल! दुसऱ्याच्या जाळ्याशेजारी हे दोन ठेवले तर शाळेतल्या वर्तुळाच्या आकृत्या वाटतात. शोधायचं असं काही उरलेलंच नाही, रांगेत उभं राहायचं आणि नंबर आला की मारायचं.

२ फेब्रुवारी

प्रोटो मॅनचा किल्ला. चार स्टेज. प्रत्येक स्टेजला एक डार्क मॅन. चौथा डार्क मॅन प्रोटो मॅनचं सोंग घेऊन उभा असतो, तेवढ्यात खरा प्रोटो मॅन शिट्टी वाजवत येतो आणि सोंग उघडं पाडतो, आणि मागे कोण? वायली. मग वायलीचा किल्ला, चार स्टेज, आठ बॉस परत, वायलीचं यंत्र, वायलीची उडती कॅप्सूल.

८ + ४ + ४ = १६. माझी चौथ्याची ओळ कॉपी करून पेस्ट केली असती तरी चाललं असतं. आणि मधेच प्रोटो मॅन येऊन गुपित फोडतो हेसुद्धा तसंच.

किल्ल्याचं संगीत मात्र कानात बसलंय. मारी यामागुचीने केलंय या भागाचं संगीत, आणि माझ्या मते पूर्ण गेममधे सगळ्यात जीव ओतून कोणी काम केलं असेल तर हिनेच.

३ फेब्रुवारी

शीट बघत बसले आणि अडकले. गोष्ट तीच, स्टेजची संख्या तीच, बाणांचा गोल तोच, हे सगळं खरं. पण हे सगळं चौथ्यातही आहे आणि चौथा मी आनंदाने संपवला. स्टेजच्या कल्पना तर पाचव्यात जास्तच आहेत, उलटं गुरुत्वाकर्षण, बाइक, गाडी. मग खेळताना जांभया का येत होत्या?

नवीन रकाना टाकतेय: "स्टेजमधे कुठलं हत्यार खरंच वापरलं". बॉसला नाही, वाटेत. सगळ्या गेमना आता हा रकाना मागून भरायचा म्हणजे परत थोडं खेळणं आलं, असो.

७ फेब्रुवारी

रकाना भरला. दुसऱ्याच्या ओळी गच्च आहेत: मेटल ब्लेड, क्रॅश बॉम्ब, टाइम स्टॉपर, तिन्ही आयटेम (वर चढायला, पुढे जायला मदत करणारी साधनं). तिसऱ्यात थोडं कमी. चौथ्यात विरळ. पाचव्यात ओळीमागून ओळ: बस्टर, बस्टर, बस्टर, बस्टर.

बस्टर म्हणजे सुरुवातीपासून हाताला असलेली साधी बंदूक, चार्ज करून. पाचव्यात तर चार्ज केलेली गोळी अजून जाडजूड केलीय, मार बसला की चार्ज निसटतो एवढीच काय ती शिक्षा. आठ हत्यारं मिळवली आणि वाटेत एकही काढावंसं वाटलं नाही. मेन्यू उघडायचा तो बॉसच्या दारात, बंद करायचा बॉस मेल्यावर.

हे लक्षात आल्यावर खेळताना कानाकडेही लक्ष गेलं, पूर्ण गेमभर तो चार्जिंगचा किर्रर्र आवाज चालू असतो. बटण धरा, सोडा, धरा, सोडा. समोर हेल्मेटखाली लपणारा मेट असो, उडता असो, तोफवाला असो, उत्तर एकच. म्हणजे आगगाडी वेगळी, जंगल वेगळं, अंतराळ वेगळं, पण अंगठा एकच काम करतोय, आणि कंटाळा डोळ्यांना नाही, अंगठ्याला आलेला होता.

८ फेब्रुवारी

म्हटलं मग हत्यारंच नीट बघू, कदाचित मीच त्यांना संधी दिली नाही.

स्टार क्रॅश: अंगाभोवती फिरणारं कवच. दुसऱ्यात लीफ शील्ड, चौथ्यात स्कल बॅरियर, आता हे. (सहाव्यातही प्लँट बॅरियर आहे, आधीच सांगून ठेवते.)
नेपाम बॉम्ब: बॉम्ब. पहिल्यापासून बॉम्ब आहेत.
ग्रॅव्हिटी होल्ड: पडद्यावरच्या सगळ्यांना एकदम लागतं, जसं चौथ्यात रेन फ्लश होतं.
वॉटर वेव्ह: जमिनीवरून लाट सरकत जाते. शत्रू हवेत असला की बसा बघत.
चार्ज किक: स्लाइड करून शत्रूला धडकायचं. ही कल्पना खरं तर नवीन आणि गंमतीची, पण त्यासाठी शत्रूच्या अंगावर जावं लागतं आणि लांबून मारायला फुकटचा मोठा गोळा हातात असताना जाईल कोण?
पॉवर स्टोन: तीन दगड आपल्याभोवती गोल गोल फिरत बाहेर जातात. आता तुम्हीच सांगा, नेम धरायचा कसा? शत्रू सोडून सगळीकडे जातात. चार्ज मॅनला हे लागतं म्हणे. लागतं, लागलं तर.
क्रिस्टल आय: भिंतीला आपटलं की तीन तुकडे होऊन उसळतात. बरं आहे.
जायरो अटॅक: सोडल्यावर वर किंवा खाली वळवता येतो. हे एक खरंच चांगलं, आणि नेमकं हेच बस्टरने जमत नाही.

म्हणजे आठात एक पक्कं, दोन अर्धवट, बाकी पाट्या टाकलेल्या.

९ फेब्रुवारी

आणि अक्षरं राहिली. प्रत्येक स्टेजमधे एक अक्षर लपवलंय, इंग्रजीत मेगा मॅन व्ही, आठ अक्षरं, सगळी जमवली की बीट नावाचा पक्षी मिळतो, डॉ. कॉसॅकने बनवलेला. गोष्टीत कॉसॅक आता मित्र झालाय ना. बीट सोडला की तो आपणच शत्रू शोधून टोचा मारतो. नेम धरायचं कामसुद्धा गेलं! गेमने मला स्टेज पालथी घालायला लावली आणि बक्षीस काय दिलं, तर अजून कमी खेळायची सोय. वर ई टँक ढीगभर, आता सगळं एकदम भरणारा एम टँकही, आणि जागोजागी जादाचे जीव.

सोपा गेम वाईट नसतो, हे मी स्वतःलाच सांगतेय. पण इथे सोपेपणा सगळा एकाच बाजूने आलाय, विचार करायची जी जागा होती तीच भरून काढलीय.

१२ फेब्रुवारी

प्रयोग. पाचवा परत, पण बटण धरून ठेवायचं नाही. चार्ज बंद, बीट बंद. दुसऱ्या भागासारखा खेळायचा. अपेक्षा अशी की हत्यारं आपोआप बाहेर येतील.

१५ फेब्रुवारी

थोडी आली. जायरो अटॅक भरपूर, क्रिस्टल आय अधूनमधून. गेम नक्कीच जास्त जागा झाला. पण जे हवं होतं ते नाही झालं, कारण स्टेज मुळात चार्ज गोळी धरूनच बांधल्यात. जाड कातडीचे शत्रू एकेकटे, समोरासमोर, सरळ रेषेत उभे केलेत, त्यांना साध्या गोळ्यांनी मारायचं म्हणजे नुसता वेळ जातो, डोकं काही लागत नाही. कुठेही अशी भिंत नाही जी एकाच हत्याराने फुटते, अशी अवघड जागा नाही जिथे वाटावं की अरे हे तर त्याच्यासाठी राखून ठेवायला हवं होतं. दुसऱ्यातली तोफांची खोली मला आवडत नाही म्हटलं होतं, तिच्यासारखी एक तरी इथे हवी होती.

म्हणजे चार्ज काढून टाकला की चांगला गेम खाली सापडेल हा माझा समज होता, तसं काही नाहीये. चार्ज आल्यावर बाकी सगळं त्याच्याभोवती हळूहळू ढिलं पडत गेलंय, चौथ्यात निम्मं, पाचव्यात पूर्ण.

१६ फेब्रुवारी

फक्त पडताळायला नववा काढला, प्रकल्पात नाही तरी. २००८ चा, मुद्दाम जुन्या ८ बिट रूपात केलेला. आणि त्यांनी काय केलं? मेगा मॅनची चार्ज गोळी काढली, स्लाइडही काढली. सरळ दुसऱ्या भागाच्या हातावर परत. आणि हत्यारं बघा: काँक्रीट शॉट मारला की ठोकळा तयार होतो, त्यावर चढा नाहीतर लेझर अडवा. हॉर्नेट चेसर लांबच्या वस्तू उचलून आणतो. टॉर्नेडो ब्लो उडी वाढवतो. प्लग बॉल भिंतीवरून सरपटतो. स्टेजमधे वापरायला माझा रकाना पुरेना.

एवढ्या वर्षांनी बनवणाऱ्यांनी नेमक्या त्या दोन गोष्टी कापल्या, म्हणजे माझा रकाना अगदीच हवेत नाही. स्लाइड मात्र मला हवी होती हं.

२० फेब्रुवारी

धाकट्याला बसवलं. त्याने मेगा मॅन कधी हातात घेतलेला नाही, नाव ऐकून आहे फक्त. मुद्दाम सरळ पाचवा दिला, काहीही न सांगता.

"ताई, हा तर मस्त आहे की! तू तर म्हणालीस बोअर आहे."

ग्रॅव्हिटी मॅनला खूश, बाइकला खूश, चार्ज गोळीवर तर फिदा. स्टार क्रॅश मिळाल्यावर पाच मिनिटं नुसतं अंगाभोवती चांदण्या फिरवत हिंडत होता. खरा प्रोटो मॅन शिट्टी वाजवत आला तेव्हा "अरे!!" असं ओरडला. दुसरा किल्ला उघडल्यावर तोंडाचा आ.

मी बाजूला वही घेऊन बसलेली आणि जे जे मी "आधी येऊन गेलंय" म्हणून लिहिलं होतं ते सगळं त्याच्यासाठी पहिल्यांदाच घडत होतं.

२१ फेब्रुवारी

त्यामुळे शेऱ्याचा रकाना दोन भागात केला: ओळीने खेळणाऱ्यासाठी आणि इथूनच सुरू करणाऱ्यासाठी. गोष्ट, १६ स्टेजची रचना, बाणांचा गोल, कवच, बॉम्ब, या सगळ्यांचा शेरा दोन्हीकडे वेगळा पडतो. ज्याने चौथा खेळलाच नाही त्याला फसव्या व्हिलनचं काय दुःख असणार? १९९२ मधेही पाचवा हाच पहिला असलेली पोरं असणारच की, त्यांचा हा लाडका असेल तर त्यांच्याशी भांडण नाही.

फक्त एका रकान्यात दोन्हीकडचा शेरा सारखा आला. धाकट्याने पण वाटेत हत्यारं काढलीच नाहीत, त्या चांदण्या सोडल्या तर, आणि त्यासुद्धा गंमत म्हणून. विचारलं का नाही काढलीस, तर म्हणाला, "लागतंय कशाला? धरून सोडलं की मरतंय सगळं." त्याला तक्रार म्हणून म्हणायचं नव्हतं. मी मात्र ते वाक्य जसंच्या तसं शीटमधे टाकलं.

२३ फेब्रुवारी

सहावा सुरू करायच्या आधी थोडं मागचं वाचून घेतलं. सहावा जपानमधे नोव्हेंबर १९९३ मधे आला आणि लगेच डिसेंबरमधे सुपर फॅमिकॉमवर मेगा मॅन एक्स. म्हणजे सगळ्यात नवीन विचार जिथे चालला होता तिथे भिंतीवर चढणं, चिलखताचे भाग, सगळं उलटंपालटं, आणि त्याच सुमारास जुन्या मशीनवर परत आठ बॉस, चार स्टेज, चार स्टेज. अमेरिकेत तर सहावा कॅपकॉमने काढलाच नाही, १९९४ मधे निन्टेंडोने काढला.

एक्समधेही चार्ज आहे, गंमत म्हणजे. पण तिथे चिलखताचा भाग मिळाला की हत्यारंसुद्धा चार्ज होतात, प्रत्येकाचं दुसरं रूप निघतं. म्हणजे चार्जचा दोष नाही पूर्ण, त्याच्याबरोबर बाकीच्यांनाही वाढवायला हवं होतं, पाचव्यात एकट्या बस्टरलाच खाऊ घातलंय. हे पाचव्याच्या शेऱ्यात टाकलं.

२७ फेब्रुवारी

सहावा. मिस्टर एक्स नावाचा दाढीवाला, गॉगल घातलेला गृहस्थ, रोबोटांची स्पर्धा भरवतो आणि मग सांगतो की वायली इतकी वर्षं माझ्याच तालावर नाचत होता.

धाकटा शेजारी बसून बघत होता. त्याने आयुष्यात एकच मेगा मॅन खेळलाय, पाचवा. सुरुवातीचं चित्र संपायच्या आत, एकही स्टेज सुरू व्हायच्या आधी: "ताई, हा वायलीच आहे ना?"

"तुला कसं कळलं?"

"दाढी खोटी आहे."

पाचव्याच्या वेळी "अरे!!" ओरडलेला हाच. सहाव्याची पहिली ओळ भरून टाकली. रशला अंगावर चढवून ताकद वाढवायचे दोन अडॅप्टर आहेत या भागात, एक दगड फोडणारा आणि एक उडणारा, ते "नवीन काय" मधे जातील, पण उडणारा हातात आला की उड्यांचं काय होतं ते बघायचंय. उद्या फ्लेम मॅन आणि प्लँट मॅन. कंट्रोलर धाकट्याकडे राहील, मी रकाना भरणार.